आपल्याच शहराचा भ्रष्टाचार पडद्यावर: अंधेरीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

२०२४ च्या पावसाळ्यात अंधेरी पूर्वेच्या आमच्या सोसायटीत लागोपाठच्या दोन शनिवारी दोन जुने चित्रपट दाखवले. आधी १९८३ चा हिंदी ‘जाने भी दो यारो’, मग १९७९ चा मराठी ‘सिंहासन’. दोन्ही मुंबईत घडतात आणि दोन्हींचा विषय सत्ता आणि पैसा यांचं साटंलोटं हाच. प्रोजेक्टर गणेशोत्सव मंडळाचा, पडदा म्हणजे हॉलची पांढरी भिंत, खुर्च्या आपापल्या घरून. चित्रपट निवडायचे आणि नंतरची चर्चा चालवायची, हे काम माझ्याकडे होतं.

मला एक गोष्ट तपासायची होती. भ्रष्टाचार हा विषय आमच्यापैकी कुणालाच नवा नाही. सकाळचा पेपर आणि संध्याकाळचा ट्रॅफिक, दोन्हींत तो भेटतोच. मग आपल्याच शहरावरचा असा चित्रपट पाहून माणसाच्या पदरात नवीन काय पडतं? दोन तास हसून ‘आजही तेच चाललंय’ म्हणत घरी जाणं, की आणखी काही? पुढे जे घडलं ते मला अपेक्षित नव्हतं, आणि त्याचा शेवट चित्रपटाशी अजिबात संबंध नसलेल्या एका बिलापाशी झाला. म्हणून हे सविस्तर मांडतो आहे.

पुलाजवळ राहणारी माणसं

अंधेरीकरांना पुलांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. ३ जुलै २०१८ ला भर पावसात गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. पुढच्या वर्षी, १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल घरी निघालेल्या माणसांसकट खाली आला. त्या पुलाचं संरचनात्मक परीक्षण त्याआधीच झालं होतं. ते करणाऱ्याला नंतर अटक झाली. गोखले पूल मग ७ नोव्हेंबर २०२२ ला वाहनांसाठी पूर्ण बंद झाला आणि पूर्वेहून पश्चिमेला जाणं हा एक प्रवासच होऊन बसला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा कळलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही. दोन्हींच्या उंचीत माणसाला चढता येणार नाही एवढा फरक. रेल्वेच्या नव्या निकषांमुळे पूल उंच करावा लागला, हे त्यामागचं अधिकृत कारण. शेवटी व्हीजेटीआय या माटुंग्याच्या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून वर उचलला आणि त्या जुलैमध्ये जोडणी सुरू झाली.

यातल्या उंचीच्या फरकामागे भ्रष्टाचार होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण ज्या प्रेक्षकांनी दीड वर्ष वळसा घालून मुलांना शाळेत सोडलं, त्यांच्यासमोर कोसळणाऱ्या उड्डाणपुलाची गोष्ट ठेवली की ती पुण्यातल्या किंवा दिल्लीतल्या प्रेक्षकासारखी पाहिली जाणार नाही, एवढं नक्की. या प्रकरणात ही पार्श्वभूमी फार महत्त्वाची आहे.

प्रेक्षकांतल्या काही जणांचा उल्लेख पुढे येईल. एक काका एका महापालिकेतून सहायक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एक छोटे कंत्राटदार, पेव्हर ब्लॉक आणि रंगकामाची कामं घेणारे. ते काकांना अजूनही ‘साहेब’ म्हणतात. एक बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. एक गृहस्थ पूर्वी मंत्रालयाच्या बातम्या करायचे. आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी.

पहिला शनिवार

‘जाने भी दो यारो’ कुंदन शाहांचा पहिलाच चित्रपट. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अगदी तुटपुंज्या पैशांत झालेला. पटकथा त्यांची आणि सुधीर मिश्रांची, संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विनोद आणि सुधीर हे दोन भोळे फोटोग्राफर ‘खबरदार’ नावाच्या पेपरसाठी बिल्डर तरनेजाच्या मागावर निघतात. दुसरा बिल्डर आहुजाही त्याच खेळात. दोघंही पालिका आयुक्त डिमेलोंभोवती घुटमळतात. एका बागेत काढलेला फोटो मोठा करून पाहताना विनोद-सुधीरना त्यात खून दिसतो, डिमेलोंचा. मग प्रेत, शवपेटी, पळापळ. तरनेजाचा पूल कोसळतो आणि त्याचं खापर शेवटी या दोघांवरच फुटतं.

हॉलमध्ये काय हशा! दारू प्यायलेले ओम पुरी शवपेटीला मोटार समजून गप्पा मारतात तिथे पोरं जमिनीवर लोळली. गटारांवरून देशाची प्रगती मोजणाऱ्या भाषणाला टाळ्या पडल्या. महाभारताच्या नाटकात प्रेताची द्रौपदी होते, त्या प्रवेशात तर संवाद ऐकूच आले नाहीत. भक्ती बर्वे पडद्यावर आल्या तेव्हा मागच्या रांगेतून ‘फुलराणी!’ असा आवाज आला. ज्यांनी ‘ती फुलराणी’ नाटकातली त्यांची मंजुळा रंगमंचावर पाहिली होती, त्यांना ही संपादिका शोभा पचायला जड गेली. कारण शोभाही पुरावा हाती आल्यावर तो छापायचं सोडून त्याचा सौदा करायला निघते. या चित्रपटातली मला सर्वांत धारदार वाटणारी गोष्ट हीच. बिल्डर लबाड निघणं प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. ज्या टेबलावर आपण तक्रार घेऊन जाणार, तिथेच दर ठरतोय हे मात्र त्याला नवं असतं.

चित्रपट संपला. विनोद आणि सुधीर कैद्यांच्या कपड्यांत शहराच्या गर्दीत चालतात, ‘हम होंगे कामयाब’ वाजत राहतं. दिवे लागले, चहा-वडे आले, चर्चा सुरू झाली आणि दहा मिनिटांत संपली.

‘आजही तेच.’ ‘वरपासून खालपर्यंत सगळे सामील.’ ‘चालायचंच.’ एकाने गोखले पुलावर शेरा मारला, त्यावर पुन्हा हशा. या दहा मिनिटांत जे बोललं गेलं ते चित्रपट न पाहताही बोलता आलं असतं. सगळ्यांना ओळख पटली होती आणि ओळख पटल्याच्या समाधानातच प्रश्न मिटला होता. बाहेरगावचा माणूस निदान विचारतो, हे असं कसं होतं? आम्ही मुंबईकर. आम्हाला सगळं माहीत असतं.

दोन बोलणी मात्र मी लिहून ठेवली. त्या विद्यार्थिनीने विचारलं, “पूल पडतो, पण त्याच्याखाली कोण सापडलं? एकाचंही नाव कळत नाही, घर कळत नाही. आपण हसतोय ते नेमकं कोणाच्या जिवावर?” कुणी उत्तर दिलं नाही. आणि कंत्राटदार भांडी आवरताना म्हणाले, “सिनेमात आयुक्तच बिल्डरशी बोलतो. एवढा मोठा साहेब स्वतः बोलायला लागला, मग मधली माणसं काय करतात?”

पुढच्या सगळ्या गोष्टी या दोन प्रश्नांतून निघाल्या.

दुसरा शनिवार

‘सिंहासन’ला निम्मी माणसं आली. कृष्णधवल, गंभीर आणि वर पाऊस. पण जे आले ते शेवटपर्यंत बसले.

डॉ. जब्बार पटेलांचा हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. श्रीराम लागू, कामगार पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी आणि हे सगळं पाहत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. ज्यांना निळूभाऊ फक्त गावच्या पाटलाच्या भूमिकेत ठाऊक आहेत, त्यांनी हा दिगू जरूर पाहावा. तो जवळजवळ काहीच करत नाही. ऐकतो, सिगारेट ओढतो, टिपून ठेवतो, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो.

इथे पूल नाही, सिमेंट नाही, नोटांची बॅगही फारशी नाही. इथे चालतात फोन. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, तुमची खुर्ची धोक्यात आहे म्हणून, आणि तिथून सगळं राज्य त्या एका खुर्चीभोवती फिरू लागतं. मंत्रालयात चित्रीकरणाला परवानगी मिळाली होती, त्यामुळे त्या जिन्यांना आणि दालनांना खरेपणा आहे.

माजी वार्ताहर एरवी कमी बोलतात. त्या दिवशी म्हणाले, “आमच्या वेळी बातमी दालनात मिळत नसे. ती बाहेरच्या बाकावर मिळायची. कोण आला, कोणाला लगेच आत घेतलं, कोण दोन तास ताटकळला आणि कोण मागच्या दाराने गेला. शिपायाशी बरं जमलं की निम्मं काम झालं.” मग त्यांनी दिगूच्या एका दृश्याकडे बोट दाखवलं. तो मंत्र्याशी बोलताना मंत्र्याकडे पाहत नाही, मंत्र्याच्या पीएकडे पाहतो. मी हा चित्रपट पूर्वी पाहिलेला होता, पण ते कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर आम्ही तेवढा भाग पुन्हा लावला.

आदल्या शनिवारी प्रत्येकाकडे मत होतं. या शनिवारी एकाकडे काम होतं, आयुष्यभर केलेलं, आणि तो त्या कामाच्या डोळ्यांनी चित्रपट पाहत होता. चर्चा तासभर चालली. निघताना मी अभियंता काकांना म्हटलं, काका, पुढच्या आठवड्यात ‘जाने भी दो’मधली पुलाची दोन दृश्यं पुन्हा लावू, तुम्ही बोला. ते तयार झाले, पण एका अटीवर: “माझ्या नोकरीतलं एकही नाव घेणार नाही आणि कुणी विचारायचं नाही.”

क्यूब कुठे जातो

तिसऱ्या बैठकीला काका एक लोखंडी साचा घेऊन आले. आतून पंधरा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच, बोल्ट आवळलेला. टेबलावर ठेवला तेव्हा आवाज झाला. कॉंक्रीट ओतताना त्यातलंच थोडं या साच्यात भरतात, दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून त्यावर तारीख आणि क्रमांक रंगवतात, पाण्यात ठेवतात आणि सात आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. एम-४० कॉंक्रीट म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनचा दाब सोसेल असं कॉंक्रीट. पुलाच्या गुणवत्तेचा कागदोपत्री पुरावा म्हणजे हे ठोकळे, साइटवर ज्यांना सगळे क्यूब म्हणतात.

“आता बघा,” काका म्हणाले, “प्रयोगशाळेत क्यूब जातो. पूल जात नाही.”

ज्याला लबाडी करायची आहे, तो क्यूबसाठी वेगळं घमेलं कालवतो, त्यात सिमेंट सढळ हाताने टाकतो. अहवाल उत्तम येतो, खोटा अजिबात नसतो, फक्त तो त्या पुलाचा नसतो. ते थांबवायचा उपायही साधा आहे: ज्या ट्रकमधलं कॉंक्रीट स्लॅबवर पडतंय, त्याच ट्रकमधून, कनिष्ठ अभियंत्याच्या डोळ्यांदेखत साचा भरायचा. म्हणजे प्रश्न येतो की रात्री दोन वाजता, पाऊस पडत असताना, तो कनिष्ठ अभियंता साइटवर उभा होता का. चित्रपटातला तरनेजा आणि डिमेलो यांच्यात जे ठरतं ते ठरतं. पण पूल पडायला रात्री दोन वाजताची ती गैरहजेरी लागते. ती गैरहजेरी चित्रपटात नाही.

कंत्राटदारांनी इथे तोंड उघडलं. मधली माणसं काय करतात, या स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यायचं होतं. “साहेब, निविदा अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस टक्के खाली भरून काम घेतो माणूस. सगळी कामं कशी खाली जातात? एकतर अंदाजपत्रकच फुगवलेलं असतं, नाहीतर मोजमापात काढायचं ठरलेलं असतं.” काकांनी मान डोलावली आणि मोजमाप पुस्तिकेवर आले. सरकारी कामाचं बिल तिच्या आधारावर निघतं. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईने, खाडाखोड केली तर सही. कनिष्ठ अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी मोजून लिहायची, वरच्याने काही नोंदी स्वतः तपासायच्या. लांबी आणि रुंदी कुणीही नंतर जाऊन मोजू शकतो. जाडी मोजता येत नाही, कारण वरून डांबर पडलेलं असतं. “म्हणून,” काका म्हणाले, “पैसा नेहमी जाडीत असतो.”

मी या वाक्याची पुढे बरीच उजळणी केली आहे. त्यांनी हेही दोनदा बजावलं की हे सगळीकडे असंच चालतं असं कुणी समजू नये. त्यांच्या हाताखाली भर पावसात साचे भरून घेणारी मुलं होती आणि ती पुढे मोठ्या पदांवर गेली.

मग पुलाची दृश्यं पुन्हा लावली. या वेळी हसू कमी आलं. कुणी मुद्दाम गंभीर झालं नव्हतं. लोक आता सिमेंटच्या पोत्यांकडे पाहत होते.

आयुक्तच का?

चित्रपटात महापौर किंवा नगरसेवक मध्यभागी नाहीत, सगळा सौदा आयुक्तांभोवती फिरतो. हे हास्यासाठी केलेलं सुलभीकरण आहे असं मला पूर्वी वाटायचं. पण मुंबईपुरती ही मांडणी नेमकी आहे. इथली महापालिका १८८८ च्या कायद्याने चालते आणि त्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. आयुक्त नेमतं राज्य सरकार. मोठी कंत्राटं मंजूर करते स्थायी समिती, म्हणून त्या समितीच्या अध्यक्षपदासाठी पक्षांची एवढी रस्सीखेच. महापौरांकडे मान जास्त, अधिकार कमी.

याचा अर्थ असा की पालिकेतल्या पैशाची एक दोरी थेट मंत्रालयात जाते. ‘जाने भी दो यारो’ या दोरीचं खालचं टोक दाखवतो आणि ‘सिंहासन’ वरचं. एकाच शहरावरचे हे दोन चित्रपट एकमेकांना जोडून पाहिले की मधली जागा रिकामी दिसते, आणि ती रिकामी जागा मुंबईत काही वर्षं अक्षरशः रिकामी होती: ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि आम्ही हे चित्रपट पाहत होतो तेव्हा शहराचा कारभार प्रशासक म्हणून आयुक्तच पाहत होते. ज्या नगरसेवकाला गाठून क्यूबचं काय झालं विचारावं, तो पदावरच नव्हता.

सिमेंटचा परवाना

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, जिच्याविना तरुणांना हा चित्रपट अर्धाच कळला असता. त्या काळात सिमेंट दुकानात जाऊन आणता येत नसे. परवाना लागे. त्यांच्या चाळीची पाण्याची टाकी गळत होती आणि चार पोती सिमेंटसाठी अर्ज, शिफारस, पुन्हा अर्ज असं चाललं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला पडद्यावर सिमेंट दिसलं की आतून काय हललं असेल, ते आज पोत्यावर सवलत मिळवणाऱ्या माणसाला कळणार नाही.

आणि त्याच सिमेंटने एक मुख्यमंत्री घालवला होता. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींनी बॅ. अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांचं प्रकरण बाहेर काढलं. आरोप असा की बिल्डरांना जादा सिमेंट मिळे आणि प्रतिष्ठानाला देणग्या. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी निकाल दिला, त्यात देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला आणि अंतुले पायउतार झाले. फौजदारी खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं फिरत राहिला. सात न्यायमूर्तींच्या पीठाचा १९८८ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. १९८२ मध्येच सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं. चित्रपट पुढच्या वर्षी आला.

अंतुले प्रकरण चित्रपटात कुठेही नाही, पण ते माहीत असलेला मुंबईकर प्रेक्षक आणि माहीत नसलेला, हे दोन वेगळे चित्रपट पाहतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की अशा चित्रपटाच्या आधी त्या काळची वर्तमानपत्रं चाळावीत, निदान सिमेंटला परवाना लागायचा एवढं तरी सांगावं. आम्ही ते तिसऱ्या बैठकीत केलं, म्हणून दृश्यं दुसऱ्यांदा लावायचा उपयोग झाला.

कागद पाहायला गेलो

आमच्या गल्लीचं कॉंक्रिटीकरण त्याच सुमारास झालं होतं. विद्यार्थिनीच्या डोक्यात क्यूब बसले होते. तिने विचारलं, आपल्या रस्त्याचे क्यूब कुठे आहेत? काकांनी सांगितलं की माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात फक्त प्रती मागायची सोय नाही. कलम २(ञ) नुसार काम, कागदपत्रं आणि नोंदी प्रत्यक्ष पाहता येतात, टिपणं काढता येतात, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जाचं शुल्क १० रुपये. बहुतेक माणसं ‘सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करतात आणि मग उत्तर तसंच मोघम येतं. काकांनी तिला तीनच गोष्टी मागायला लावल्या: अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची पाहणी, क्यूब चाचणीचे अहवाल, दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत.

पाहणीला ती, काका आणि मी गेलो. खळबळजनक काहीही सापडलं नाही, हे इथे ठळकपणे नोंदवायला हवं. नोंदी व्यवस्थित होत्या, अहवालांवर तारखा होत्या, तारखा जुळत होत्या. समोरचा दुय्यम अभियंता तरुण होता. आधी तो सावध होता, नंतर त्याने स्वतःच तिला दाखवलं की जाडी तपासायला रस्त्यातून गाभ्याचा नमुना कसा काढतात आणि त्याची नोंद कुठे असते. जाडी मोजता येत नाही हे काकांचं म्हणणं त्याने त्यांच्यासमोर नम्रपणे खोडून काढलं: “सर, आता कोअर काढतो आम्ही.” काका खूश झाले.

परत येताना एकजण फोनवर म्हणाले, “मग सापडलं काय? काहीच नाही?” या अपेक्षेवर मला थोडं थांबायचं आहे. चित्रपटाने आम्हाला खुनाचा फोटो शोधायची सवय लावली होती. फोटो मोठा करत जा, कोपऱ्यात पिस्तूल दिसेलच. खरं काम असं की बहुतेक फोटोंत पिस्तूल नसतं आणि तरी ते पाहावे लागतात. ज्या नोंदी कुणी पाहणार आहे हे ठाऊक असतं, त्या बऱ्याचदा नीट लिहिल्या जातात.

सोसायटीचं स्वतःचं बिल

दिवाळीनंतर सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरचं काम त्या वर्षी झालं होतं आणि ठेकेदाराचं अंतिम बिल मंजुरीसाठी आलं होतं, चौरस फुटांवर. एरवी अशा विषयाला दोन मिनिटं लागतात: वाचलं, मंजूर. या वेळी बँकेतल्या बाईंनी विचारलं, “मोजमाप कोणी घेतलं?”

सेक्रेटरींनी कागद उलटेपालटे केले. मोजमाप ठेकेदारानेच दिलं होतं. आमच्या बाजूने कुणी मोजलंच नव्हतं. तीन कोटेशनं मागवली होती, सर्वांत कमीचं स्वीकारलं होतं, देखरेखीला समितीचे दोन सभासद नेमले होते आणि ते रोज संध्याकाळी काम पाहत होते. पाहत होते, मोजत नव्हते. खिडक्यांची जागा वजा केली आहे की नाही, हेही कुणाला सांगता येईना.

सभेत वातावरण तापलं. सेक्रेटरींना तो त्यांच्या सचोटीवरचा आरोप वाटला. ते खरंच सचोटीचे आहेत, मी त्यांना वीस-पंचवीस वर्षं ओळखतो. सोसायटीच्या पैशातून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नसेल. एकजण म्हणाला, तुम्ही लोक सिनेमा पाहून डोकं फिरवून घेतलंय, इथे कोण तरनेजा आहे? प्रश्न बरोबर होता. इथे तरनेजा कुणीच नव्हतं. ठेकेदाराशी कुणाचं काही ठरलेलं नव्हतं, टक्केवारी नव्हती, सेटिंग नव्हतं. तरीही बिल आणि भिंत यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं.

बिल एका महिन्यासाठी रोखून धरलं. काका, कंत्राटदार आणि ती विद्यार्थिनी यांनी टेप घेऊन इमारत मोजली, गच्चीवरून दोर सोडून, रविवारी सकाळी, खाली पोरांची गर्दी. खिडक्या आणि बाल्कन्या वजा झालेल्या नव्हत्या, हे निघालं. ठेकेदाराने फारशी खळखळ न करता बिल सुधारून दिलं. त्याचं म्हणणं, आजवर कुठल्याच सोसायटीने विचारलं नाही, आमच्याकडे असंच धरायची पद्धत आहे. मला ते खोटं वाटलं नाही, आणि त्यामुळेच जास्त अस्वस्थ वाटलं.

सेक्रेटरींनी पद सोडलं नाही, पण काकांशी काही महिने बोलणं तोडलं. ते मलाही लागलं, कारण बैठका मी घेतल्या होत्या आणि दोघंही माझे शेजारी. आता सोसायटीच्या कोणत्याही कामाचं मोजमाप दोन सह्यांनिशी नोटीस बोर्डावर लागतं. एक सही ठेकेदाराची, दुसरी समितीबाहेरच्या सभासदाची. दुसरी सही करायला माणूस मिळवणं हे दर वेळचं अवघड काम आहे. जिना चढून, टेप धरून, उन्हात उभं राहायला फार कमी जण तयार होतात.

चित्रपटांचे शनिवार चालू आहेत. पुढचा ‘सामना’ ठरला आहे. तो शहरातला नाही, साखर कारखान्याच्या मुलखातला आहे, म्हणून आमच्या मालिकेत बसत नाही असं वार्ताहरांचं म्हणणं. पण त्यातला ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न विद्यार्थिनीने पहिल्या शनिवारी विचारलेल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून तो तिनेच सुचवला. कंत्राटदारांनी सांगून ठेवलं आहे की त्यांच्या सासरचा एक माणूस त्या भागातल्या कारखान्यात वजनकाट्यावर होता, त्याला मी बोलावतो.